उत्तरेकडचा कोपरा

टाकी गळते हे आधी कळलं ते बायकांना. पुरुषमाणसं उठून तोंड धुवेपर्यंत त्यांच्या पाण्याच्या दोन खेपा झालेल्या असतात. त्या सकाळी पहिल्या दोघी घागरी घेऊन आल्या, तर नळाला करंगळीएवढी धार. एक जण कडेच्या पायऱ्या चढून वर गेली, आत वाकून पाहिलं आणि तशीच खाली उतरली. आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरलेलं पाणी घोट्याएवढं उरलं होतं. टाकीच्या मागं, उत्तरेच्या अंगाला, जिथं दोन महिन्यांत गवताची काडी उगवली नव्हती, तिथं चांगला चिखल झाला होता आणि त्या चिखलात एक कुत्रं पोट टेकून डोळे मिटून पसरलं होतं. सगळ्या गावात त्या दिवशी सुखी होतं ते तेवढंच.

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा गावानं टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून नळ आणला आणि वस्तीच्या डोक्याशी ही टाकी बांधली. विहीर पुरती आटली आणि टाकी पहिल्यांदा काठापर्यंत भरली, त्याला अजून चार दिवस झाले नव्हते.

बांधली होती मिस्त्रीनं. पंचक्रोशीत मिस्त्री म्हटलं की तोच. बावन्न वर्षांचा, आडव्या हाडाचा, तोंडात शिवी नाही, ओठाला विडी नाही. काम सुरू करायच्या आधी तो मजुरांना उन्हात उभं करून प्रार्थना करायचा आणि ती इतकी लांबायची की मागचे हळूच पाय बदलायचे. पण त्याची भिंत ओळंब्याला चुकायची नाही, हे नावं ठेवणारेही कबूल करायचे. गावच्या प्रार्थनाघरात चार वडील मंडळी कारभार बघायचे, त्यातले एक हिवाळ्यात वारले. ती रिकामी खुर्ची मिस्त्रीला मिळणार हे ठरल्यातच जमा होतं. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी.

तो आला तेव्हा टाकीपाशी पन्नास माणसं जमली होती. पाणीसमितीचे प्रमुख, ज्यांना शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळे मास्तरच म्हणायचे, छत्री टेकून उभे होते.

"मिस्त्री, हे काय झालं?"

"बघतो," मिस्त्री म्हणाला आणि मागच्या बाजूला गेला.

त्यानं कुत्र्याला हाकललं, गुडघे टेकले आणि कोपऱ्यात हात घातला. बोटांना गार ओल लागली. नखानं उकरल्याबरोबर गिलाव्याची खपली हातात आली. ती चुरगळली तर पीठ झालं. आणि त्या क्षणी त्याला कळलं. बघायचं काही उरलंच नव्हतं.

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. शेजारच्या गावात मोठी सभा होती. आपलं आयुष्य देवानं कसं पालटलं याची साक्ष द्यायला मिस्त्रीला बोलावलं होतं. चारची गाडी गाठायची होती. टाकीचे तीन कोपरे झाले होते, चौथा राहिला होता. सकाळी कालवलेला माल घमेल्यात दुपारपर्यंत पडून घट्ट झाला होता. मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, हा माल मेलाय. टाकून द्या, नवा कालवतो. नाहीतर उद्या करू." मिस्त्रीनं त्याच मालात तांब्याभर पाणी ओतलं, फावड्यानं फिरवला आणि म्हणाला, "मला शिकवू नकोस. तू आपलं स्वतःकडे बघ." मग आपल्या हातानं तो कोपरा भरला, वरून थापी फिरवून गुळगुळीत केला, हातपाय धुतले आणि गाडी गाठली. साक्ष फार छान झाली होती. बायका रडल्या होत्या.

"हा कोपरा भोंग्यानं केला असणार," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "त्याच आठवड्यात नव्हता का तो रस्त्याकडेला पडलेला?"

"खरंच की. आम्ही पाहिला होता."

"दारुड्याच्या हातात थापी दिली की असंच व्हायचं."

भोंगा म्हणजे मिस्त्रीचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. एकटाच होता, मिस्त्रीच्या घरामागं अवजारांची खोली होती, तिथं त्याची खाट. आवाज असा की हाक मारली की पलीकडच्या वस्तीतली गुरं मान वर करायची. गाताना तो सगळ्यांच्या पुढं आणि सुराच्या मागं असायचा. आधी प्यायचा. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीनंच त्याला उचलून घरी आणला, हाताखाली घेतला, सोडवली. टाकीचं काम चालू असताना एकदा मात्र पाय घसरला आणि नेमका भर दुपारी, भर रस्त्यात घसरला. तो एक दिवस गावाच्या पक्का लक्षात राहिला. त्याच्या गिलाव्यावर हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटतं, हे मात्र कुणाच्या लक्षात नव्हतं.

भोंगा खांद्यावर फावडं घेऊन तिथंच उभा होता. त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री हातातली पूड झटकत होता.

"तसं काही सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाला. "बघायला लागेल."

खोटं असं तो काहीच बोलला नाही. एवढंच, की लोकांनी जे ऐकायचं ते ऐकलं आणि त्यानं ऐकू दिलं. भोंग्यानं फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि खाली उतरून गेला. ज्याचा आवाज कधी आवरला जात नव्हता, त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मिस्त्रीला त्याचाही रागच आला. हा बोलत का नाही? बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

*

दुपारी जेवताना मिस्त्रीनं ताटावर लांबलचक प्रार्थना केली. अन्न निवलं.

"कोपरा कुणी केला होता?" बायकोनं विचारलं. ती सकाळपासून नदीच्या कोरड्या पात्रातल्या झिऱ्यावर दोनदा जाऊन आली होती. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. वाटीवाटीनं पाणी उपसायचं आणि कळशी भरायची. मानेवर हात दाबत ती बोलत होती.

"काम दोघांनी केलंय."

"काम दोघांनी केलं. मी कोपरा विचारला."

"आता चार महिन्यांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या गोठ्यात किती विटा लागल्या ते पाठ होतं. तिनं ताटं उचलली, राखेनं घासली, फडक्यानं पुसली. धुवायला पाणी नव्हतं.

पुढचे दिवस असे गेले की वस्तीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मास्तरांनी टाकी बंद ठेवली; झऱ्याचा नळ थेट टाकीतच सुटायचा, म्हणून तोही तिकडेच बंद केला. भेगा भरायच्या का भिंतच पाडायची, यावर समितीच्या बैठका चालू होत्या आणि प्रत्येक बैठकीत मिस्त्री म्हणत होता, "नीट तपासू द्या." बायका पहाटेपासून झिऱ्यावर रांग लावत होत्या. ऊन डोक्यावर आलं की वाळूतून पावलं भाजायची. एका म्हातारीला तिथंच भोवळ आली. बायकांनी तिला सावलीला ओढली, आणि मग त्यांतली एक मिस्त्रीच्या बायकोला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊ घोट घेतो, आणि घोटाला महाग आम्ही."

मिस्त्रीच्या बायकोनं आपली कळशी म्हातारीच्या घरी नेऊन ओतली आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन बसली.

टाकी झाल्यापासून भोंगा सडकेच्या कामावर जायचा, ते काम गेलं. मुकादमानं कारण सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, "माणसं पुरेशी आहेत." दुसऱ्या दिवशी तिथं दोन नवी माणसं दिसली.

मिस्त्री सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करत होता. पूर्वी प्रार्थना केली की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. आता गुडघे टेकले की फक्त गुडघे दुखायचे. शब्द सगळे येत होते. इतकी वर्षं पाठ झालेले, घासून गुळगुळीत झालेले शब्द. 'मला नम्र कर' असं म्हणता म्हणता तो मनात हिशेब घालायचा: रविवार झाला की सांगू. खुर्ची मिळाली की माझ्या शब्दाला वजन येईल, मग सांगितलं तर लोक समजून घेतील. एकदा तर त्याला वाटलं की हे देवानंच सुचवलं. मग स्वतःचीच किळस आली, आणि ती किळस घेऊन तो बाहेर आला आणि दारात चपला नीट ठेवल्या नाहीत म्हणून बायकोवर खेकसला.

गुरुवारी पाळकसाहेब सायकलवरून आले. वयानं लहान, मिस्त्रीच्या मुलासारखे. गावात येऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांनी घाम पुसला, पाणी नको म्हणाले. पाणी नको म्हणणं हा त्या दिवसांतला शिष्टाचार झाला होता.

"काका, रविवारचं सगळं ठरलंय. वडील मंडळींचं एकच म्हणणं आहे." ते अडखळले. "तुमचे मेव्हणे पुढं उभे राहून गातात. लोक टाकीवरून बोलतायत. काही दिवस त्यांनी मागं बसावं, असं..."

नेमकं त्याच वेळी बायको बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली.

"तो माझ्यावर सोडा," मिस्त्री म्हणाला. "मी त्याच्यासाठी प्रार्थना करतोय."

बायको तशीच वळून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. पडलं की टाकलं, हे मिस्त्रीनं विचारलं नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळ झाली तरी भोंगा घरी आला नव्हता. दुपारी जेवायलाही नव्हता. सूर्य टेकडीला टेकला, तशी मिस्त्रीची बायको तीनदा अंगणात येऊन गेली. चौथ्यांदा म्हणाली, "बघून या ना कुठं गेलाय."

"येईल. लहान आहे का?"

तो दारातल्या दगडावर बसून राहिला. वाटेच्या टोकाला गुत्ता होता, तिकडे नजर लावून. आणि बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय ती भोंगा येण्याची नाही. आपण वाट बघतोय ती तो झिंगत येण्याची. आज त्यानं प्यावी. पाय लटपटावेत, चारचौघांनी बघावं, म्हणजे झालं. मग कुणी कोपरा विचारणार नाही. मग जे लोक म्हणतात ते खरंच ठरेल आणि आपल्याला काही बोलावंही लागणार नाही.

दोन वर्षं ज्या माणसासाठी तो उपास करत होता, त्याच माणसानं प्यावी म्हणून तो देवाच्या नावानं उघडलेल्या आपल्या दारात बसला होता. हे कळलं तरी तो उठला नाही.

भोंगा आला तो गुत्त्याकडून नाही, नदीकडून. खांद्यावर आडवी काठी, दोन टोकांना दोन डबे. वाळूनं पिंढऱ्या पांढऱ्या झालेल्या. भोवळ आलेल्या म्हातारीच्या घरी आणि तिच्या शेजारच्या पांगळ्याच्या घरी दुपारपासून तो पाणी टाकत होता. ही शेवटची खेप बहिणीसाठी. त्यानं डबे उतरवले. काठीनं खांद्यावर लाल वळ उठला होता.

तो सरळ मिस्त्रीसमोर येऊन वाकला आणि तोंड उघडलं. रोज सकाळी तसंच करायचं असं ठरलेलं होतं; मिस्त्री वास घ्यायचा आणि मगच कामाला जाऊ द्यायचा.

"घ्या. सकाळी घ्यायचा राहिला होता."

ओठ फुटले होते. जीभ पांढरी पडली होती. दिवसभर पाणी वाहणाऱ्या माणसानं त्यातलं घोटभर प्यायलं नव्हतं. वास कसलाच नव्हता.

"तू बोलला का नाहीस?" मिस्त्रीनं विचारलं. "टाकीवर. त्या दिवशी."

भोंगा सरळ झाला. "काय बोलू? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणाले असते, दारुडा दाजींवर ढकलतोय." मग डबे उचलत म्हणाला, "आणि ताईचं घर आहे हे."

*

शनिवारी सकाळी टाकीपाशी समिती जमली. मास्तर, पाचसहा माणसं, आणि झिऱ्यावरून परतणाऱ्या बायका आपसूक थांबलेल्या. मिस्त्रीनं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. सुरुवात कुठून करायची, शेवटी काय म्हणायचं. प्रत्यक्षात सगळं विसरलं.

"हा कोपरा मी केला," तो म्हणाला. "भोंग्यानं नाही."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"माल मेलेला होता. त्यानं सांगितलं होतं टाकून द्या. मी ऐकलं नाही. मला सभेला जायची घाई होती."

त्याला वाटलं होतं, आता तरी हलकं वाटेल. वाटलं नाही. तोंडातून दात निघावा तसं झालं. पोकळी आणि रक्ताची चव.

"हे तुम्ही आज सांगताय?" मास्तरांनी छत्री जमिनीवर आपटली. "आठ दिवस आम्ही इथं माना मोडून घेतोय. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आज पाणी असतं."

"हो."

"हो काय? आठ दिवस, मिस्त्री."

"कसली साक्ष द्यायला गेला होतात म्हणे?" मागून एकानं विचारलं. दोघं हसले. एका बाईनं घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "आमच्या माना गेल्या आणि हे बघा." ती कुणाकडे बघत नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

ठरलं ते असं: मिस्त्रीनं कोपरा पुन्हा करायचा, मजुरी मागायची नाही. मान खाली घालून तो उतरला आणि तडक पाळकांच्या घरी गेला. त्याला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं, पण तिथं तरी कुणीतरी पाठीवर हात ठेवेल, धैर्याचं कौतुक करेल, अशी त्याची आशा होती.

पाळकसाहेब अंगणात सायकलचं चाक काढून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. हाताला वंगण होतं, ते फडक्याला पुसलं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "उद्याचं पुढं ढकलावं लागेल, काका. किती दिवस ते मी नाही सांगू शकत."

"मला खुर्चीचं काही नाही," मिस्त्री म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हेही खोटं आहे. "आहे. खुर्चीचं आहे. पण असू दे."

पाळक पहिल्यांदाच किंचित हसले. "मेव्हण्यांची माफी मागितली?"

"चारचौघांत सांगितलं की. सगळ्या गावासमोर सांगितलं."

"गावाला सांगितलंत. ते तिथं होते का?"

नव्हता. भोंगा झिऱ्यावर होता. मिस्त्रीला त्या पोरसवदा पाळकाचा असा राग आला की काही विचारू नका. कालचं पोर, धड दाढी नाही, आणि दुखतं नेमकं तिथंच बोट ठेवतं. परतीच्या वाटेवर तो त्याला देण्यासारखी दहा उत्तरं शोधत राहिला. दहाही चांगली होती. एकही खरं नव्हतं.

*

भोंगा अवजारांच्या खोलीत छिन्नी दगडावर घासत होता. त्याला सगळं कळलेलं होतं. गावात अशी बातमी पाण्याआधी घरात पोचते. मिस्त्री दारात उभा राहिला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तुझ्यावर आलं ते मी येऊ दिलं. आणि काल संध्याकाळी..." इथं तो थांबला. हे कुणालाच माहीत नव्हतं. न सांगितलं तरी चाललं असतं. "काल संध्याकाळी तू पिऊन यावास असं मला वाटत होतं. त्यासाठी बसलो होतो दारात."

छिन्नी थांबली. मग भोंग्याचा तो सुप्रसिद्ध आवाज फुटला, आणि शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली.

"दोन वर्षं. दोन वर्षं मी तुमच्यापुढं तोंड उघडतोय, गुराचे दात बघतात तसं. एकदा पडलो तर सभेत नाव न घेता माझी गोष्ट सांगितली तुम्ही. सगळ्यांना कळलं कोण ते. मला वाटायचं, जाऊ दे, माझ्या भल्यासाठी आहे. आणि तुम्ही वाट बघत होता?"

मिस्त्रीच्या जिभेवर शास्त्रातलं वचन आलं. क्षमेचं, त्याला अशी वीस पाठ होती. ओठ उघडलेही. क्षमा मागणारा आपण आहोत आणि ते वचन सांगायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला उशिरा का होईना कळलं. त्यानं तोंड मिटलं.

"माफी मला आज नाही देता येणार," भोंगा म्हणाला. आवाज खाली आला होता. "माफ केलं म्हणालो तर खोटं होईल. आधी कोपरा फोडू. आणि कामात मी सांगेन तसं करायचं. प्रार्थना करायची तर तुमची तुम्ही मनात करा."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

दोन दिवस ते टाकीच्या आत होते. भट्टीत बसल्यासारखं, चारी भिंती तापलेल्या, वर आकाशाचा पांढरा चौकोन. भोंगा सांगत होता आणि मिस्त्री, जो वीस वर्षं असली कामं मजुरांना नुसत्या बोटानं दाखवत आला होता, फोडत होता आणि घमेली उचलत होता. जुना माल हातोडीच्या दुसऱ्या ठोक्याला सुटून यायचा. प्रत्येक तुकडा त्याला स्वतःच्या हातानं वर न्यावा लागला, आणि वर काठावर कुणी ना कुणी बघत उभं असायचं.

"खोल फोडा. अजून. लाज वाटतेय म्हणून वरवर नको."

"फोडतोय."

"हा थर राहिला."

मिस्त्रीला तो थर पक्का वाटत होता. सांगावंसं वाटलं, मी तुझ्या जन्माआधीपासून थापी धरतोय. त्यानं तो थर फोडला. आत ओल होती. भोंगा बरोबर होता, आणि हे त्याला मुळीच आवडलं नाही.

रविवार मध्येच आला. पुढं ढकलायचं बाजूलाच राहिलं; वडील मंडळींनी प्रार्थनाघरातली ती खुर्ची गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला दिली. चांगला माणूस, पण प्रार्थना करताना शब्द सापडत नाहीत म्हणून मिस्त्री ज्याची कीव करायचा, तो. मिस्त्री मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. भोंगा आला नव्हता. गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की तो आवाज नसला की गाणं किती पडेल होतं. उपासना संपल्यावर दोनच माणसं मिस्त्रीशी बोलली, तीही टाकीबद्दल.

नवा गिलावा झाला. भोंग्यानं कोपऱ्याला अशी गोलाई दिली की बोट कुठं अडकू नये. पण गिलावा ओला ठेवायला हवा, निदान आठवडाभर, दिवसातून तीनदा, आणि पाणी तर कुठंच नव्हतं. घरच्या पाण्याचं एक भांडंही त्यासाठी वापरायचं नाही, असं मिस्त्रीनं बायकोला सांगितलं. काठी आणि दोन डबे घेऊन तो स्वतः झिऱ्यावर गेला आणि बायकांच्या रांगेत शेवटी बसला. पहिल्या दिवशी कुणी जागा दिली नाही. दुसऱ्या दिवशी खांद्यावरची कातडी सोलली. तिसऱ्या दिवशी, घोट घेणाऱ्या भावावरून बोलणारी ती बाई आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्या मांडीवर टाकत म्हणाली, "काठीखाली ही घाला. मला घरी दुसरी आहे." एवढंच बोलून ती गेली. त्यात माया होती का नुसती कटकट, ते त्याला कळलं नाही.

रात्री बायको त्याच्या खांद्याला तेल लावायची. बोलत नव्हती. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मी वाट बघत होते," ती म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून आत गेली.

*

आठव्या दिवशी टाकी भरली. सकाळी भिंतीवर खडूनं रेघ मारली, मास्तरांनी स्वतः. दुपारपर्यंत पाणी हललं नाही. लोक आले, वाकून पाहिलं, गेले. कुणी शाबास म्हटलं नाही. पाणी धरणं हे टाकीचं कामच आहे.

उन्हं कलली तेव्हा मिस्त्री आणि भोंगा मागच्या बाजूला उकिडवे बसले होते. कोपऱ्याच्या खाली, बाहेरच्या दगडावर, रुपयाएवढा ओला डाग होता. मिस्त्री तासभर त्याच्याकडेच बघत होता. इतकं करून हेच का? आठ दिवस खांदा सोलून घेतला, खुर्ची गेली, इज्जत गेली, आणि डाग आहेच. त्याला ओरडावंसं वाटत होतं, आणि कुणावर ते कळत नव्हतं.

"वाढलाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. नवं काम घाम सोडतं. पाचसहा दिवसांत आपोआप मुरतं. कधीकधी नाही मुरत." भोंग्यानं डागावर अंगठा दाबला, बघितला, विजारीला पुसला. "नाही मुरलं तर परत फोडायचं."

"परत?"

"मग काय."

भोंग्याला सडकेवर परत बोलावलं नव्हतं, पण पलीकडच्या वस्तीत एका घराचा गिलावा करायचा होता. ते काम भोंग्याला मिळालं होतं. भोंग्याला, मिस्त्रीला नाही. लोकांनी तसं मुद्दाम सांगितलं होतं. हाताखाली एक माणूस लागणार होता.

मिस्त्रीच्या मनात बरंच होतं. माफीचं पुन्हा विचारावं असं होतं. या दिवसांत आपल्याला काय उमगलं ते सांगावं असंही होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला फारसं काही उमगलंच नव्हतं. छाती पूर्वीसारखी मोकळी होत नव्हती. मेव्हण्याच्या हुकमांनी अजून डोक्यात तिडीक जात होती. त्या पोरसवदा पाळकाचा राग अजून पुरता गेला नव्हता.

तो उठला, गुडघे झटकले.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.

भोंग्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"सहाला. आणि वाटेत उपदेश नको."

"नाही करणार."

"तोंडाचा वास घेणार?"

"नाही."

भोंग्यानं घमेलं उचललं, त्यात थापी, ओळंबा, दोरी घातली आणि ते मिस्त्रीच्या हातात दिलं. मिस्त्रीनं ते सोललेल्या खांद्यावर ठेवलं. कळ डोक्यापर्यंत गेली. त्यानं ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि भोंग्याच्या मागून उतरायला लागला.